दोन बाळू: एक नाव, दोन इतिहास

१/
कल्याणहून कर्जतच्या दिशेने लोकल सुटली की पहिले स्थानक लागते विठ्ठलवाडी. पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठेच्या काठी, दुसरी विठ्ठलवाडी आहे. याच नावाच्या वाड्या-वस्त्या महाराष्ट्रात आणखीही सापडतात. म्हणून पत्रावर नुसते ‘विठ्ठलवाडी’ लिहून भागत नाही. तालुका आणि जिल्हा लिहावा लागतो. गावांच्या बाबतीत ही दक्षता सगळेच घेतात. माणसांच्या बाबतीत, विशेषतः जुन्या खेळाडूंच्या बाबतीत, ती क्वचितच घेतली जाते. आजचा धागा अशाच एका नामसाम्याविषयी आहे.

२/
मुंबईच्या क्रिकेटमध्ये ‘बाळू’ या नावाने ओळखले गेलेले दोन मोठे फिरकी गोलंदाज होऊन गेले. पहिले पालवणकर बाळू, जन्म १८७६. दुसरे बाळू गुप्ते, जन्म १९३४. पहिले डावखुरे, दुसरे लेगस्पिनर. पहिल्यांचे निधन जुलै १९५५ मध्ये झाले, दुसऱ्यांचे जुलै २००५ मध्ये. दोघांचेही भाऊ नामांकित क्रिकेटपटू. दोघांच्याही वाट्याला योग्यतेपेक्षा कमी आले, असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत.

३/
इतकी साम्ये जुळली की गोष्ट आपोआप तयार होते: ‘दोन बाळू, दोन दुर्दैवी फिरकीपटू.’ ऐकायला ही गोष्ट गोड आहे, आणि म्हणूनच तिच्यापासून सावध राहायला हवे. नावाचे साम्य खरे आहे. दुर्दैवाचे साम्य खरे नाही. एकाच्या बाबतीत जे घडले त्याला खेळातली चढाओढ म्हणतात. दुसऱ्याच्या बाबतीत जे घडले त्याला अस्पृश्यता म्हणतात. दोन्हींना ‘दुर्दैव’ हा एकच शब्द लावणे म्हणजे इतिहासावर पांघरूण घालणे होय.

४/
प्रथम थोरले बाळू. जन्म धारवाडचा, जात चांभार, वडील लष्करी सेवेत. कुटुंब पुण्यात आले आणि मुलाला क्रिकेटच्या मैदानावर काम मिळाले. ते काम खेळण्याचे नव्हते. पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, आणि त्याबद्दल महिना तीन रुपये घ्यायचे. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे सरावाच्या जाळ्यात साहेबांना गोलंदाजी करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

५/
या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा अव्वल फलंदाज होता. बाळूने बाद केले की तो दर वेळी आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, या सरावातून घडलेली गोलंदाजी खरी होती. तासन् तास, दिवसामागून दिवस, निष्णात फलंदाजांसमोर चेंडू टाकत राहणे हेच त्यांचे विद्यापीठ. त्या जाळ्यात बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम आणि फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी तेव्हाची वाटणी होती.

६/
पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांशी सामना जिंकायचा होता आणि पुण्यातला सर्वोत्तम गोलंदाज अस्पृश्य होता. क्लबाने तोडगा काढला. मैदानावर बाळू सर्वांबरोबर खेळतील. चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळेल. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाईल. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू झेलताना कोणालाही विटाळ झाला नाही. विटाळ फक्त कपबशीला होता.

७/
ही विसंगती त्या काळातल्या शहाण्या माणसांच्या नजरेतून सुटली नव्हती. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणे का नको, हा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर सभेत विचारला होता. म्हणजे ‘तो काळच तसा होता’ हे समर्थन इथे पुरत नाही. काळ तसा होता, पण त्याच काळात प्रश्न विचारणारी माणसेही होती.

८/
पुढे कुटुंब मुंबईला आले आणि बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद शहरभर साजरा झाला. त्या आनंदाचा मोठा वाटा ज्याने मिळवून दिला, त्याला शहरातल्या कित्येक देवळांच्या पायऱ्या चढण्याची मुभा नव्हती.

९/
१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाच्या वाट्याला विजयांपेक्षा पराभव अधिक आले. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. भारतीय क्रिकेटमधला पहिला थोर गोलंदाज कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हे आकडे बाजूला ठेवता येत नाहीत.

१०/
आता धाकटे बाळू. पूर्ण नाव बाळकृष्ण पंढरीनाथ गुप्ते. थोरले बंधू सुभाष गुप्ते म्हणजे ३६ कसोटींत १४९ बळी घेणारा, ज्याची गणना जगातल्या श्रेष्ठ लेगस्पिनरांत होते असा गोलंदाज. १९५८-५९ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०२ धावांत नऊ बळी ही सुभाष यांची कामगिरी. त्याच घरात, त्याच कलेत, पाच वर्षांनी धाकटे असणे सोपे नव्हते.

११/
बाळू गुप्ते यांनी ९९ प्रथम श्रेणी सामन्यांत ४१७ बळी घेतले, सरासरी २४.८८. १९६२-६३ च्या दुलीप करंडकात पश्चिम विभागाकडून दक्षिण विभागाविरुद्ध एका डावात ५५ धावांत नऊ बळी, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. कसोटी सामने मात्र तीनच मिळाले: १९६१ मध्ये मद्रासला पाकिस्तानविरुद्ध, १९६४ मध्ये कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध आणि १९६५ मध्ये कलकत्त्यालाच न्यूझीलंडविरुद्ध. तीन कसोटींत तीन बळी, ३४९ धावांच्या मोबदल्यात.

१२/
हे तीन सामने पाच वर्षांत विखुरलेले आहेत. सूर सापडायला पुरेसा अवधी मिळाला नाही, ही तक्रार रास्त ठरेल. पण त्यांच्या आधी कोण होते आणि शेजारी कोण उभे होते, तेही पाहायला हवे. आधी सुभाष. मग चंदू बोर्डे, जे फलंदाजीही करत. जानेवारी १९६४ मध्ये मुंबईत भागवत चंद्रशेखर यांचे पदार्पण झाले आणि लेगस्पिनची एकच जागा पुढे कोणाकडे जाणार हे हळूहळू ठरत गेले. बाळू गुप्ते हरले ते चेंडूच्या भाषेत. त्यात दुःख आहे, अन्याय नाही. असलाच तर निवडीतल्या चुकीएवढा.

१३/
थोरल्या बाळूंच्या बाबतीतही काटेकोर असायला हवे. ते कसोटी खेळले नाहीत, पण ते जातीमुळे नव्हे. भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्‌सवर जून १९३२ मध्ये झाला. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. प्रत्येक उणिवेचे खापर जातीवर फोडले की जातीने खरोखर जे हिरावले तेही संशयास्पद वाटू लागते. म्हणून नेमके सांगावे: जातीने त्यांच्याकडून हिरावले ते मंडपातले स्थान आणि संघाचे कर्णधारपद.

१४/
कर्णधारपदाचा हा तपशील महत्त्वाचा आहे. हिंदू संघाचे कर्णधार म्हणून एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हा हा मान बाळूंना मिळायला हवा होता असे खुद्द पै यांनीच बोलून दाखवले. १९२० मध्ये पै आजारी पडले, तर बाळूंना कर्णधार करण्याऐवजी संघातूनच वगळण्यात आले आणि धुरा दि. ब. देवधर यांच्याकडे गेली. त्या वेळी विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे दोघे भाऊ निषेध नोंदवून संघाबाहेर पडले. क्रिकेट संघातून जातीच्या प्रश्नावर उघडपणे बाहेर पडण्याचे हे भारतातले अगदी आरंभीचे उदाहरण.

१५/
निषेधाचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर असताना त्यांनी काही काळ संघाचे नेतृत्वही केले. पण ‘कर्णधार बाळू’ ही नोंद कागदावर कधीच उमटली नाही. ती जागा १९२३ मध्ये धाकट्या भावाला मिळाली. विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी युरोपियनांना हरवून हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. वृत्तपत्रांनी या विजयाचे नाते गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणाशी जोडले.

१६/
इथे विठ्ठल हे नाव थोडे थांबून वाचावे. १९२३ मध्ये ‘हिंदू’ नावाच्या संघाचा कर्णधार विठ्ठल होता, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर त्याच्या समाजाला बंद होते. चोखामेळ्याची समाधी जशी महाद्वारापाशीच राहिली, तसे हे भाविक शतकानुशतके दाराबाहेर राहिले. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. देवाचे नाव मुलाला ठेवण्यास कोणाची आडकाठी नव्हती. देवापर्यंत जाण्यास होती.

१७/
आता या धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे. धावफलकावर पालवणकर बंधूंची नावे कशी दिसतात? ‘पी. बाळू’, ‘पी. विठ्ठल’, ‘पी. शिवराम’. गुप्ते यांचे नाव कसे दिसते? ‘बी. पी. गुप्ते’. दोन्हीकडे ‘पी’ आहे, पण अर्थ निराळा. पहिला ‘पी’ पालवणकर. म्हणजे गावावरून पडलेले आडनाव एका अक्षरात मिटलेले. दुसरा ‘पी’ पंढरीनाथ. म्हणजे वडिलांचे नाव, आणि ते पुन्हा विठ्ठलाचेच. एका ठिकाणी आडनाव आकसून अक्षर झाले आहे. दुसऱ्या ठिकाणी आडनाव पूर्ण उभे आहे आणि घरगुती ‘बाळू’ने फलकावर पाऊलही टाकलेले नाही.

१८/
यातून घाईने निष्कर्ष काढू नयेत. आडनाव आखडण्याचे साधे कारण असू शकते: एकाच आडनावाचे भाऊ एकाच काळात मैदानावर असतील, तर नुसते ‘पालवणकर’ लिहून कोण कोणता ते कळणार नाही. त्या काळात इतर काही खेळाडूंची नावेही याच पद्धतीने लिहिली जात. १९११ च्या दौऱ्यावरचे म्हैसूरचे बी. जयराम हे त्यांपैकीच. म्हणून ‘पी. बाळू’ हे लेखन अपमानासाठीच योजले होते, असे म्हणण्यास आधार नाही. हेतू काही असो, त्याचा परिणाम मात्र तपासता येतो.

१९/
परिणाम असा की एक प्रौढ, जगभर गाजलेला गोलंदाज आयुष्यभर लहान मुलाच्या लाडक्या नावाने नोंदला गेला. मराठी घरांत ‘बाळ’, ‘बाळू’, ‘बापू’, ‘नाना’ ही घरातली नावे. त्यांत वावगे काही नाही. लोकमान्यांचे जन्मनाव केशव आणि ‘बाळ’ हे लाडाचे. पण त्यांच्या ‘बाळ’ला ‘गंगाधर टिळक’ यांची साथ आहे. कसोटीत सलग २१ निर्धाव षटके टाकणारे बापू नाडकर्णी धावफलकावर आर. जी. नाडकर्णी आहेत. बाळू गुप्ते यांच्या मागे बाळकृष्ण आहे. लाडके नाव त्यांच्यासाठी अलंकार होता, कारण खालचे वस्त्र पूर्ण होते. थोरल्या बाळूंच्या नोंदींत ‘बाळू’ हेच वस्त्र आणि तोच अलंकार.

२०/
हे केवळ धावफलकापुरते नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. त्यावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत मदनमोहन मालवीय, बाबासाहेब आंबेडकर, एम. सी. राजा, राजेंद्र प्रसाद आहेत. आणि त्याच यादीत ‘पी. बाळू’ आहेत. देशाच्या राजकीय इतिहासातला इतका मोठा दस्तऐवज. त्याच्या यादीत या नावावरून नजर फिरवणाऱ्या किती जणांना कळत असेल की हा इंग्लंडमध्ये ११४ बळी घेणारा गोलंदाज आहे? नाव अपुरे असले की माणसाचे दोन इतिहास एकमेकांना भेटत नाहीत. क्रिकेटचा अभ्यासक करार वाचत नाही आणि कराराचा अभ्यासक धावफलक वाचत नाही.

२१/
१९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. या लढतीविषयी मते भिन्न असू शकतात. काँग्रेसने खेळाडूच्या लोकप्रियतेचा वापर केला असे म्हणता येईल. बाळूंची गांधीजींवर खरीखुरी निष्ठा होती असेही म्हणता येईल. पण ही निवडणूक एक गोष्ट ठळक करते. ज्या समाजाला क्लबांच्या समितीने कर्णधारपद नाकारले, त्याच समाजाचा हा माणूस मतपत्रिकेवर पोहोचला. हा प्रवास ‘दुर्दैवी फिरकीपटू’ या दोन शब्दांत मावत नाही.

२२/
इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ‘बाळू’ हे प्रेमाचे नाव होते. मैदानाभोवती जमणाऱ्या हजारो लोकांनी ते प्रेमाने उच्चारले. मग आज त्याला उणेपणा का चिकटवावा? आक्षेपात तथ्य आहे. प्रेक्षकांचे प्रेम खोटे नव्हते. पण प्रेम आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट गर्दी देते, दुसरी समिती देते. बाळूंना पहिली भरभरून मिळाली आणि दुसरी नाकारली गेली. आज इतिहास लिहिताना पहिलीची आठवण काढून दुसरीचा विसर पाडता कामा नये.

२३/
दुसरा आक्षेप आकडेवारीच्या चाहत्यांकडून येतो: १५.२१ विरुद्ध २४.८८, म्हणजे थोरले बाळू श्रेष्ठ, विषय संपला. पण हे आकडे दोन वेगळ्या खेळांतले आहेत म्हटले तरी चालेल. थोरल्यांच्या काळात रणजी करंडकच नव्हता. तो सुरू झाला १९३४-३५ मध्ये. वर्षाकाठी मोजके मोठे सामने, उघड्या खेळपट्ट्या, सैल क्षेत्ररक्षण. धाकट्यांच्या काळात मुंबईचा संघ १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी जिंकत होता आणि फलंदाजीचे शास्त्र पक्के झाले होते. या दोघांत श्रेष्ठ कोण ते ठरवण्यात फारसे हशील नाही. दोघांना वेगळे ओळखण्यात आहे.

२४/
नामसाम्याची अडचण इतरांनीही अनुभवली आहे. भारतीय हॉकीत बलबीर सिंग इतके झाले की १९४८, १९५२ आणि १९५६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या बलबीर सिंग यांच्या नावापुढे ‘सीनियर’ लावावे लागले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तर एकाच भारतीय संघात तीन बलबीर सिंग होते. क्रिकेटमध्ये १९५४-५५ ला मद्रासला पहिला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधारही बालू अलगनन. रोमन लिपीतून ही नावे वाचणाऱ्याला बाळू कोणता आणि बालू कोणता, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही.

२५/
हॉकीने ‘सीनियर’ लावून प्रश्न सोडवला. क्रिकेटमध्ये तो उपाय पुरेसा नाही, कारण इथे प्रश्न केवळ ओळख पटवण्याचा नाही, मान देण्याचाही आहे. उपाय साधा आहे. लेखात, पुरस्कारात, स्पर्धेच्या फलकावर आणि शाळेच्या पुस्तकात ‘पालवणकर’ हे आडनाव पूर्ण लिहावे. ‘पालवणकरांनी ११४ बळी घेतले’ असे वाक्य लिहून पाहावे. गुप्ते, नाडकर्णी, देवधर या नावांनी जी वाक्ये सहज लिहिली जातात, तशीच ती होतात. भाषेने दिलेले हे साधे आदरार्थी वळण या माणसाच्या वाट्याला फार उशिरा येत आहे.

२६/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसाठी यात एक पद्धत दडलेली आहे. जुना धावफलक, जुनी यादी, जुना फोटो हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. नाव पूर्ण आहे का? नसेल तर कोणाचे पूर्ण आहे आणि कोणाचे अपूर्ण? आणि ते नाव लिहिणारा हात कोणाचा आहे? पहिल्या प्रश्नाने माणूस सापडतो. दुसऱ्याने समाज दिसतो. तिसऱ्याने सत्ता दिसते. हे तीन प्रश्न क्रिकेटला लागू पडतात, तसेच आखाड्याच्या, गिरणीच्या आणि शाळेच्या नोंदवहीलाही पडतात.

२७/
ही दक्षता फक्त गतकाळासाठी नाही. विठ्ठलवाडीपासून डोंबिवलीपर्यंत आणि पुढे ठाण्यापर्यंत दर रविवारी टेनिस चेंडूच्या स्पर्धा रंगतात, कबड्डीचे सामने होतात. मोबाइलवरच्या गुणफलकात नावे भरली जातात ती ‘बाळू’, ‘बंटी’, ‘पप्पू’, ‘दादा’ अशी. खेळताना ती गोड वाटतात. पण यांतला एखादा मुलगा उद्या मोठा झाला, तर त्याची पहिली धाव, पहिला बळी, पहिली चढाई कुठे शोधायची? आणि ज्याला पुढे संधीच मिळाली नाही, त्याच्या खेळाचा एकमेव पुरावा कोणाच्या नावाने राहील?

२८/
म्हणून येत्या रविवारी गुणलेखनाची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्याने एवढे करावे: प्रत्येक खेळाडूला त्याचे पूर्ण नाव विचारावे आणि त्याने सांगितले तसे लिहावे. जो आडनाव सांगायला कचरत असेल त्याला ते का नकोसे वाटते, हेही समजून घ्यावे; कारण आडनावावरून जात विचारण्याची सवय या मातीतून गेलेली नाही. हाक मारताना ‘बाळू’ खुशाल म्हणावे. नोंदवहीत मात्र माणूस पूर्ण उतरू द्यावा.